पंधरावा रकाना

त्या गावात पूर्ण झालेली घरं अकराच होती आणि त्या अकराही घरांचे मालक स्वतःला मूर्ख समजत. बाकीचं गाव बावीस वर्षं बांधकाम चालू असलेल्या घरांत राहत होतं. कुणाच्या गच्चीवर सळया उभ्या, कुणाच्या मागच्या भिंतीला गिलावा नाही, कुणाच्या न्हाणीघराला दाराऐवजी पडदा. परका माणूस आला की त्याला वाटायचं, इथे एखादा भूकंप होऊन गेला असावा. गावावरून गेला होता तो सरकारचा एक नियम.

नियम असा होता की घराचं बांधकाम पुरं होईपर्यंत घरपट्टी फक्त जमिनीची द्यायची. पुरं झालं की भिंती, मजले, खोल्या सगळ्यांची, म्हणजे साधारण पाचपट. पुरं झालं की नाही हे ठरवायला कर कार्यालयाने एक फॉर्म काढला होता आणि त्यात पंधरा रकाने होते. पाया, भिंती, छप्पर, दारं, खिडक्या असं करत करत शेवटचा पंधरावा, जिन्याचा कठडा. पंधराही रकान्यांत 'आहे' पडलं की घर पूर्ण. एका जागी जरी 'नाही' आलं तर घर अपूर्ण, मग आत तीन पिढ्या नांदत का असेनात. ज्या साहेबाने हे लिहिलं त्याला घर बांधता बांधता हात टेकलेल्या माणसाची दया आली असणार. दया चांगलीच होती, पण अशी दया पचवायला गाव किती तयार आहे याचा अंदाज साहेबाला नव्हता.

गावाने नियम वाचला आणि गवंड्याकडे धाव घेतली.

हा गवंडी म्हणजे चौदा मिस्त्री. खरं नाव बायकोखेरीज कुणाला आठवत नव्हतं. पंधरातली चौदा कामं तो अशी चोख करी की भिंतीला ओळंबा लावून कुणीही पाहावं, आणि पंधरावं तितक्याच चोखपणे करत नसे. कुठलं काम सोडायचं हे तो घरातली माणसं बघून ठरवी. म्हातारी माणसं असतील तर न्हाणीघराचं दार कधी सोडायचा नाही. घरात भांडणं फार असतील तर आतल्या खोल्यांची दारं आधी बसवायचा आणि मागचा गिलावा सोडायचा. मास्तरांच्या घरी त्याने माळ्यावर जायची शिडी ठेवली नव्हती, कारण मास्तर एकदा माळ्यावर चढले की पुस्तकांत हरवत आणि जेवायलाही उतरत नसत. त्याबद्दल मास्तरांच्या बायकोने त्याला वेगळा चहा पाजला होता. खुद्द कर कार्यालयाची इमारतसुद्धा त्यानेच बांधली आणि तिला फाटक नव्हतं. कार्यालय स्वतःला घरपट्टी लावत नसे, तरी फाटक नव्हतं. हाताला वळण लागलं होतं, दुसरं काही नाही.

स्वतःच्या घरात त्याने कठडा सोडला होता.

तेव्हा तो छत्तिशीचा आणि बायको बत्तिशीची. खाली एक अरुंद पुढची खोली आणि स्वयंपाकघर, वर एकच मोठी खोली, पूर्वेला खिडकी. मधे सोळा पायऱ्या, एका बाजूला भिंत, दुसरी बाजू उघडी. "आपल्याला कशाला हवाय कठडा?" असं तो म्हणाला आणि ते तिलाही पटलं होतं. हातात पाण्याची कळशी घेऊन ती त्या सोळा पायऱ्या गाणं गुणगुणत चढायची. वरची खोली तिचीच होती. खिडकीशी बसून ती लोकांचे स्वेटर विणून द्यायची, तिथेच झोपायची, आणि आल्यागेल्याला तोऱ्यात सांगायची की माझ्या खोलीत दिवस सगळ्यांच्या आधी उगवतो.

चार वर्षांपूर्वी नवव्या पायरीवरून ती खाली पडली. कारण काहीच नव्हतं. लोकरीचा गुंडा निसटला, तो धरायला ती उघड्या बाजूला वाकली, आणि धरायला तिथे काही नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं, आत सळी घालावी लागली. दवाखान्यातून आली ती काठी घेऊन आली आणि पुढच्या खोलीत तिची खाट लावली गेली. पहिला महिना लेक येऊन राहिली, आईजवळ जमिनीवर झोपली. मिस्त्री वर एकटा झोपू लागला. लेक गेली, काठीची सवय झाली, पाय पुष्कळ सुधारला. डॉक्टर म्हणाले, आधार असेल तर जिना चढायला हरकत नाही.

आधार म्हणजे कठडा. तो बांधला की पंधरा रकाने भरले आणि घरपट्टी पाचपट. त्या वर्षी दवाखान्याने आधीच कंबरडं मोडलं होतं, तेव्हा मिस्त्री म्हणाला की पुढच्या वर्षी बघू. लाकडाची एखादी पट्टी ठोकू का, म्हणून तो त्या वेळच्या तपासनिसाला विचारून आला. तपासनीस म्हणाला, भिंतीत रुतलेलं काहीही असलं तरी मी ते कठड्यातच धरणार. मग मिस्त्रीने वरच्या चौकटीला दोरखंड बांधून खाली सोडला. बायकोने तो एकदा धरून पाहिला आणि म्हणाली की मी काय विहिरीत उतरतेय? दोरखंड पुन्हा सिमेंटच्या गोण्यांच्या कामी गेला. पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचंही आलं. तिने दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही.

आणि यंदा सरकारने नियम उलटा केला.

कारण उघड होतं. सगळं गाव अपूर्ण, त्यामुळे तिजोरीत खडखडाट, आणि त्यामुळे रस्त्यावरचे अर्धे दिवे वर्षभर बंद. दिवे बंद म्हणून लोक कार्यालयाच्या नावाने खडे फोडत आणि घरी येऊन आपापला 'नाही'चा रकाना जपत. नवा नियम सांगत होता की पाच वर्षांहून जास्त काळ रेंगाळलेलं घर पूर्णच धरलं जाईल, आणि वर दुप्पट शास्ती. मात्र वर्षअखेरीच्या आत राहिलेलं काम उरकून तपासणी करून घेणाऱ्याला शास्ती माफ आणि पहिल्या वर्षी निम्मी सूट. बावीस वर्षं इमानाने पुरी घरपट्टी भरणारा पाववाला कार्यालयात जाऊन आला, मला काय सूट म्हणून. त्याच्या तोंडाला पानं पुसण्यात आली. तुमच्यासारख्या नागरिकांचा आम्हाला अभिमान आहे, असं त्याला सांगितलं गेलं. आठवडाभर तो पाव देताना कुणाशी बोलला नाही.

नियम कळला त्या दिवशी जेवताना मिस्त्रीची बायको म्हणाली की आता तर कठडा नसणंच महाग झालं. तेव्हा सुरुवात आपल्यापासून करा.

मिस्त्रीला ते पूर्ण पटलं. पण सकाळी दार उघडलं तर अंगणात नऊ माणसं. ज्याने त्याने आपलं एकच काम आणलेलं, आणि कुठलं ते मिस्त्रीशिवाय कोण सांगणार? एरवी उसनी शिडी मागायला गेलं तर कानावर हात ठेवणारी माणसं आज 'मिस्त्री, मिस्त्री' करत होती. तो सुखावला नाही असं म्हणणं खोटं होईल. त्याला चांगलंच सुख झालं. घरचं काय, घरचंच आहे, एखाद्या रविवारी करून टाकू, असं म्हणून तो थापी घेऊन बाहेर पडला.

अडीच महिन्यांत त्याने सदतीस घरं पुरी केली. गच्चीवरच्या सळया कापल्या, गिलावे केले, मोऱ्या बांधल्या, मास्तरांच्या माळ्याला शिडी लावली. कोणत्या घरात काय राहिलंय हे कधी आठवेना झालं तर तो घरी येऊन बायकोला विचारी आणि ती खाटेवर बसून विणता विणता सांगे. तिला बावीस वर्षांतलं एकूण एक आठवत होतं. सायकलवाल्याच्या घराची स्वयंपाकघरातली खिडकी. शिंपिणीच्या घराचा उंबरा. त्याला बरं वाटायचं की चला, बायको आपल्या कामात आहे. रविवार येत होते आणि जात होते, कारण इतरांची घरंसुद्धा रविवारीच मोकळी असत.

तपासणीच्या तारखा लागल्या. मिस्त्रीच्या घराला गुरुवार मिळाला, वर्षातला शेवटून दुसरा. आदल्या शनिवारी तो घरी आला तर खाटेवर लोकरीच्या पिशवीशेजारी कपड्यांची पिशवी होती. बायकोने आधी त्याला जेवायला वाढलं. तिच्या रीतीत ते बसत होतं. मग ती समोर बसली.

"मी लेकीशी बोलले," ती म्हणाली. "तिच्याकडे खालच्या मजल्यावर खोली रिकामी आहे. या खेपेलाही कठडा झाला नाही तर मी जाते. भांडून नाही जात, सांगून जाते. मला या खोलीत झोपायचा कंटाळा आलाय."

"अगं, गुरुवारी तपासणी आहे. नाही झाला तर दुप्पट शास्ती. मी सोडीन का?"

"शास्तीसाठी तुम्ही कराल ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी माझ्यासाठी सांगतेय."

 त्याने रविवारचं काम रद्द केलं आणि सकाळीच लोखंडी नळ्यांच्या दुकानात गेला. दुकानदार हसला. गावात जेवढे जिने तेवढ्या नळ्या उठल्या होत्या, पुढचा माल नव्या वर्षात येणार होता. लाकूडवाल्याकडेही तीच गत. स्वतःच गावभर पुरवलेल्या कामाने त्याची पळता भुई थोडी झाली. शेवटी त्याने ठरवलं की विटेचाच बांधू. चार इंची भिंत, कमरेइतकी, वरून गुळगुळीत गिलावा, हात सहज सरकेल असा. रविवारचा उरलेला दिवस विटा आणि वाळू घरात आणण्यात गेला.

सोमवारी सकाळी त्याने पहिली वीट ठेवली. बायको खाट सरकवून भिंतीला टेकून बसली आणि बघत राहिली. त्याला काम करताना तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याचा हात अजून चांगला होता. पायरीचा उतार सांभाळत, दोरी लावून, प्रत्येक थर तो जिन्याबरोबर वर चढवत होता. तिने अंदाज सांगितला की सातव्या पायरीशी जरा आत जातंय. त्याने ओळंबा धरून पाहिलं तर खरंच जात होतं. दुपारी दोघं पायरीवरच जेवली, तो वरच्या आणि ती सगळ्यात खालच्या पायरीवर. इतक्या गप्पा त्यांनी बऱ्याच दिवसांत मारल्या नव्हत्या. संध्याकाळी विटकाम वरपर्यंत पोचलं.

मंगळवारी गिलावा. खालून सुरुवात करून तो पंधराव्या पायरीपर्यंत आला, गुरमाळ्याने पृष्ठ सारखं केलं, आणि उठून हत्यारं धुवायला निघाला. शेवटच्या पायरीशी दीड हात विटा उघड्याच.

"तिथे का थांबलात?" तिने विचारलं.

त्याने वळून पाहिलं. तिथे आपण थांबलो आहोत हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. माल घमेल्यात शिल्लक होता, ऊन होतं, अंगात ताकद होती. बावीस वर्षं प्रत्येक घरात जसा हात थांबला तसाच तो थांबला होता. तो ओशाळून हसला आणि परत बसला. तो दीड हात पुरा करायला त्याला बारा मिनिटं लागली. तिने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं होतं.

बुधवारी त्याने दिवसातून चार वेळा कठड्याला पाणी मारलं. गुरुवारी दुपारी तपासनीस बाई आल्या. वयाने लहान, कामात चटपटीत, चपला दाराशी काढून आलेल्या. काका, काकू असं म्हणून त्यांनी फॉर्म उघडला आणि एकेक रकाना वाचत घर फिरल्या. वर जाताना कठड्यावर हात टाकला, हलवून पाहिला, वा म्हणाल्या. गावात आतापर्यंत पाहिलेल्या कामात हे सगळ्यात नेटकं आहे, असंही म्हणाल्या. मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. ती विणत होती.

पंधराव्या रकान्यात 'आहे' पडलं. नव्या फॉर्मला खाली आणखी एक ओळ होती.

"राहिलेलं काम कधी सुरू केलंत?" बाईंनी विचारलं.

"सोमवारी."

"आणि संपलं कधी?"

"मंगळवारी."

"म्हणजे दोन दिवस," बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं. मिस्त्रीने सही केली. बाईंनी पूर्णत्वाचा दाखला फाडून दिला, उन्हातून आल्या म्हणून पाणी मागितलं, प्यायल्या आणि पुढच्या घरी गेल्या.

विणण्याच्या सुया थांबल्या होत्या.

"दोन दिवस," बायको म्हणाली.

मिस्त्रीने दाखल्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग तो बोलू लागला. दवाखान्याचं वर्ष कसं होतं, पाचपट म्हणजे केवढी रक्कम, तपासनीस लाकडाची पट्टीसुद्धा कशी धरणार होता, त्याचं त्याला तरी सुख होतं का. सगळं खरं होतं. तिने मधे तोंड घातलं नाही, पुरं बोलू दिलं.

"घरपट्टीचं मला कळतं," ती म्हणाली. "तेव्हाही कळत होतं, म्हणून तर गप्प बसले. कठडा बांधला असता तर पट्टी वाढली असती, कबूल. पण तुम्ही खाली झोपायला आला असतात, तर कुणी काय वाढवणार होतं?"

 मिस्त्रीकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. लेक गेल्यावर तो खाली येणार होता, दुसरी गादी या खोलीत दाटीवाटीने का होईना मावली असती. पण वर वारा चांगला होता, खिडकी होती, त्याला झोप छान लागत होती. आज येऊ, उद्या येऊ म्हणता म्हणता चार वर्षं गेली. एवढंच कारण होतं आणि त्याला सरकारचा हात लागलेला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. 

ती उठली. कपड्यांची पिशवी खांद्याला लावली, काठी डाव्या हातात घेतली आणि तिने उजवा हात कठड्यावर ठेवला. तो मागे आधाराला धावला.

"तुम्ही खालीच थांबा," ती म्हणाली.

तो थांबला. ती एकेक पायरी चढत गेली, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून. नवव्या पायरीवर जरा थांबली, खाली पाहिलं नाही, पुढे गेली. वरच्या खोलीत गेल्यावर काठी कोपऱ्यात ठेवल्याचा आवाज आला. मग खिडकी उघडल्याचा. तिची झडप कशी अडकते आणि कुठे दाबली की सुटते हे ती विसरली नव्हती.

थोड्या वेळाने तिचा आवाज आला, तुमच्या गोधड्या जिन्यात ठेवते, घेऊन जा. तो वर गेला तर गोधड्या घडी घालून सोळाव्या पायरीवर ठेवलेल्या होत्या आणि खोलीचं दार लोटलेलं होतं. दार त्याने स्वतः बसवलेलं, ढकललं असतं तर आवाज न करता उघडलं असतं. त्याने ढकललं नाही. गोधड्या काखेत मारून तो खाली आला.

दुपार कलायला वेळ होता. सकाळपासूनच्या ताणाने अंग आंबलं होतं, म्हणून तो पुढच्या खोलीतल्या खाटेवर आडवा झाला. खाटेची मधली लोखंडी पट्टी गादीतून थेट पाठीच्या कण्यात घुसली. तो कुशीवर वळला तर पट्टी बरगडीला लागली. भिंतीकडे सरकला तर गुडघे भिंतीला, बाहेर सरकला तर एक पाय अधांतरी. रस्त्यावरून जाणाऱ्याचं प्रत्येक पाऊल उशीखाली वाजत होतं. छताकडे पाहावं तर ते इतकं जवळ होतं की त्यावरचे आपल्याच थापीचे फटकारे मोजता येत होते.

पाव तासाने तो उठून बसला. वर खिडकीची झडप वाऱ्याने हळू हलत होती. तो जिन्याच्या तळाशी गेला आणि त्याने हलक्या आवाजात हाक मारली. तिने ओ दिली नाही. ती गाढ झोपली होती, तिचं बारीक घोरणं खालपर्यंत ऐकू येत होतं. या घरात चार वर्षांत त्याने ते ऐकलं नव्हतं.

कठड्याला पाणी मारायची वेळ झाली होती. त्याने बादली भरली, पण ओतलं तर आवाज होईल म्हणून एक फडकं भिजवलं आणि खालच्या पायरीवर बसून गिलावा ओला करायला सुरुवात केली.